टेक्सास वेस्टर्नचा बास्केटबॉल संघ



सन १८७३ मध्यें जोतीराव फुले यांनीं 'गुलामगिरी' हें आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हां तें त्यांनीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सदाचारी लोकांस अर्पण केलें होतें. कृष्णवर्णी गुलामांना दास्यांतून मुक्त करण्यासाठीं त्या लोकांनीं जो स्वार्थत्याग केला, त्याचें पुण्याच्या या थोर पुरुषास कौतुक वाटलें आणि आपल्या देशबांधवांनीं तो कित्ता गिरवावा अशी इच्छाहि त्यानें त्या अर्पणपत्रिकेंत प्रकट केली. अमेरिकेंतील गुलामगिरी कायद्यानें गेली ती १८६५ सालीं. माणसांच्या मनांतून ती कितपत गेली, याचा हिशेब मात्र पुढें शंभर वर्षें निरनिराळ्या ठिकाणीं होत राहिला; शाळेंत झाला, आगगाडींत झाला, उपाहारगृहांत झाला, मतपेटीपाशीं झाला. असाच एक हिशेब १९ मार्च १९६६ च्या रात्रीं मेरीलँड संस्थानांतील कॉलेज पार्क या गांवीं, एका लाकडी फरशीवर, अवघ्या चाळीस मिनिटांच्या खेळांत झाला. तो महाविद्यालयांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता. एका बाजूस केंटकी विद्यापीठ, दुसऱ्या बाजूस टेक्सास वेस्टर्न नांवाचें फारसें कोणास ठाऊक नसलेलें एक कॉलेज.

सामन्याकडे वळण्यापूर्वीं खेळाची थोडी ओळख करून घेणें बरें. जव्हार तालुक्यांतील जामसरसारख्या गांवीं कबड्डी खेळावयाची तर मोकळी जमीन आणि सात-सात गडी एवढें पुरतें. बास्केटबॉलला तेवढ्यावर भागत नाहीं. त्याला टणक, सपाट जमीन लागते, दोन टोकांना दोन फळ्या लागतात, आणि फळीवर जमिनीपासून दहा फूट उंच एक लोखंडी कडी लागते. प्रत्येक बाजूचे पांच गडी मैदानांत असतात. चेंडू हातीं घेऊन पळावयाचें नाहीं. तो जमिनीवर आपटीत न्यावयाचा, सोबत्याकडे फेंकावयाचा, आणि कडींतून खालीं पाडावयाचा. त्या काळीं असा प्रत्येक यशस्वी नेम दोन गुणांचा असे. प्रतिपक्षाच्या गड्यानें धसमुसळेपणा केला तर पंच शिटी वाजवून मोकळी फेंक देत. ठराविक रेषेवर उभें राहून, कोणी आड न येतां, शांतपणें कडींत चेंडू टाकावयाचा, आणि त्याचा एक गुण. ही मोकळी फेंक श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी, तिचें काम पुढें आहे.

खेळ मुद्दाम घडविलेला आहे. सन १८९१ च्या डिसेंबरांत स्प्रिंगफील्ड येथील ख्रिस्ती तरुण संघाच्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ या शिक्षकास हिवाळ्यांत छपराखालीं खेळतां येईल असा कांहींतरी खेळ हवा होता. त्यानें सज्जाच्या कठड्याला सप्ताळूंच्या दोन टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. पंचेचाळीस वर्षांनीं, १९३६ सालीं, बर्लिनच्या ऑलिंपिकांत हा खेळ प्रथम सामील झाला, तेव्हां नेस्मिथ तो पाहावयास जातीनें हजर होते. त्याच बर्लिनमध्यें अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनीं आपले देशी खेळ जगाला करून दाखविले, ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक आहे.

आतां मूळ मुद्दा. १९६६ पर्यंत अमेरिकेंतील कॉलेजांच्या संघांत कृष्णवर्णी खेळाडू नव्हतेच असें नाहीं. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या संघानें १९५५ व १९५६ या दोन्ही सालीं अजिंक्यपद मिळविलें तें मुख्यतः बिल रसेल या असामान्य कृष्णवर्णी खेळाडूच्या बळावर. १९६३ सालीं शिकागोचें लोयोला विद्यापीठ जिंकलें, तेव्हां त्याच्या पहिल्या पांचांपैकीं चार कृष्णवर्णी होते. त्याच स्पर्धेंत लोयोलाशीं गांठ पडलेल्या मिसिसिपी स्टेटच्या गोऱ्या मुलांना सामन्यास जाण्यासाठीं आपल्या संस्थानांतून चोरपावलांनीं निसटावें लागलें. कारण मिश्रवर्णी संघाशीं त्यांनीं खेळूं नये, अशी तिकडील सत्ताधाऱ्यांची इच्छा होती. मुलें गेलीं, खेळलीं आणि हरून परत आलीं. त्यांचें कौतुकच केलें पाहिजे.

पण दक्षिणेंतील मोठमोठ्या विद्यापीठांच्या संघांचीं दारें बंदच होतीं, आणि जेथें तीं उघडीं होतीं तेथेंहि एक अलिखित प्रमाण ठरलेलें असे. आपल्या मैदानावर इतके, परक्या मैदानावर इतके, आणि हार दिसूं लागली तर आणखी एक, अशी एक कडवट थट्टा प्रशिक्षकांच्या वर्तुळांत चालत असे. या प्रमाणामागें एक समजूत होती, आणि ती साध्या द्वेषापेक्षां चिवट होती. कृष्णवर्णी मुलगा उंच उडी मारील, वेगानें धांवेल, एकट्यानें नेत्रदीपक खेळ करील. हें सर्व मान्य. पण पांचहि तसेच असले तर संघ उधळेल, कठीण प्रसंगीं त्यांचें डोकें ठिकाणावर राहणार नाहीं, म्हणून त्यांना सांवरावयास निदान एक तरी गोरा गडी मैदानांत असावा, असें भलेभले जाणते लोक गंभीरपणें बोलत. हात मान्य, पाय मान्य. डोकें मात्र अमान्य.

मराठी श्रोत्यास या समजुतीचा परिचय नसेल असें नाहीं. पालवणकर बाळू हा चांभार समाजांतील तरुण पुण्यास युरोपियनांच्या क्लबांत महिना चार रुपयांवर नोकरीस होता. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, जाळ्या बांधाव्या आणि साहेबांना सरावासाठीं तासन्‌तास चेंडू टाकावे, हें त्याचें काम. फलंदाजी त्याच्या वांट्यास कधीं आली नाहीं. त्याच्या डावऱ्या हातांतील करामत पाहून पुण्याच्या हिंदु क्लबानें त्याला आपल्या संघांत घेतलें खरें, पण चहाच्या सुटींत त्याला चहा मिळे तो बाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यांतून. चेंडू तोच, तो बाळूच्या हातून इतरांच्या हातांत जाई तेव्हां विटाळ होत नसे. सन १९०६ मध्यें मुंबईस हिंदूंनीं युरोपियनांना १०९ धावांनीं हरविलें, त्यांत बाळूच्या गोलंदाजीचा वांटा फार मोठा होता. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूनें त्या दौऱ्यांत ११४ बळी घेतले. एवढें झाल्यावर त्याला हिंदु संघाचें कप्तानपद मिळावयास हवें होतें. तें शेवटपर्यंत मिळालें नाहीं. सन १९२० मध्यें तर त्याला संघांतूनच वगळण्यांत आलें, तेव्हां विठ्ठल आणि शिवराम या त्याच्या दोघां भावांनीं खेळावयास नकार दिला, आणि मग तडजोड होऊन बाळू उपकप्तान झाला. गोलंदाजी हें हाताचें काम. तें अस्पृश्यानें केलेलें चालत होतें. कप्तानी हें डोक्याचें काम. चौरंगी सामन्यांत हिंदु संघाचें कप्तानपद त्या घरांत आलें तें १९२३ सालीं, धाकट्या विठ्ठलकडे. त्या वर्षीं हिंदूंनीं चौरंगी सामने जिंकले, आणि लोकांनीं विठ्ठलला खांद्यावर घेऊन मिरविलें.

टेक्सास वेस्टर्नची कथा या मुंबईच्या कथेहून निराळी आहे. तिचें बीज मात्र हेंच. म्हणून आतां टेक्सासकडे जाऊं.

एल पासो हें गांव टेक्सासच्या अगदीं पश्चिम टोंकाला, रिओ ग्रांदे नदीच्या कांठीं वसलेलें आहे. नदीपलीकडे मेक्सिकोचें हुआरेस शहर. रुक्ष डोंगर, वाळवंटी हवा. येथें खाणकामाचें शिक्षण देण्यासाठीं जें विद्यालय निघालें, तेंच पुढें टेक्सास वेस्टर्न कॉलेज झालें, आणि म्हणून त्याच्या खेळाडूंना आजहि 'मायनर्स', म्हणजे खाणवाले, असें म्हणतात. या विद्यालयाच्या इमारती पाहिल्या तर आपल्याकडील प्रवाशास क्षणभर भ्रम व्हावा. १९१४ सालीं एका अमेरिकन मासिकांत भूतानची चित्रें आलीं होतीं; विद्यालयप्रमुखांच्या पत्नीला तेथील मठांची व किल्ल्यांची बांधणी या डोंगरांत शोभेल असें वाटलें, आणि त्याच धर्तीवर, उतरत्या जाड भिंतींच्या आणि रुंद वळचणींच्या इमारती उठल्या. टेक्सासांत भूतान! अशा तऱ्हेवाईक ठिकाणीं रूढीचें ओझें कमी असावें, असा तर्क करावयास हरकत नाहीं. कृष्णवर्णी विद्यार्थ्यांना या कॉलेजानें १९५५ सालापासून प्रवेश दिला आणि पुढल्याच वर्षीं चार्ल्स ब्राउन हा कृष्णवर्णी खेळाडू तेथील बास्केटबॉल संघांत आला. दक्षिणेंत तेव्हां ही गोष्ट दुर्मिळ होती.

सन १९६१ मध्यें या कॉलेजांत डॉन हॅस्किन्स नांवाचे प्रशिक्षक आले. वय एकतीस. तोंपर्यंत त्यांनीं टेक्सासांतील लहान लहान गांवांच्या शाळांतून मुलामुलींना हा खेळ शिकविला होता. एल पासोस नोकरी मिळाली ती खेळाडूंच्या वसतिगृहावर देखरेख करण्याच्या अटीसह, आणि गृहस्थ बायकामुलांसह त्या वसतिगृहांतच राहूं लागले. ते स्वतः हेन्री आयबा या कडक शिस्तीच्या गुरूचे शिष्य होते. त्या संप्रदायाचें सूत्र थोडक्यांत असें, कीं गुण मिळविण्याआधीं गुण देऊं नयेत. प्रत्येक गड्यानें आपापला प्रतिस्पर्धी पकडावा आणि त्याच्या अंगाला सावलीसारखें चिकटून राहावें. आपल्या हातीं चेंडू आला कीं उतावीळ होऊं नये, तो फिरवीत राहून पक्की संधी पाहावी. हा खेळ प्रेक्षकांस फारसा रंजक नसतो आणि खेळाडूंस तर जीव नकोसा करणारा असतो. सरावांत हॅस्किन्सचा सारा भर बचावावर असे, आणि तो सराव मोठा खडतर असे.

श्रीमंत विद्यापीठांशीं स्पर्धा करून नामांकित गोरे खेळाडू आणणें या कॉलेजाला शक्य नव्हतें. म्हणून हॅस्किन्सनीं जेथें इतर कोणी फारसें पाहत नव्हतें तेथें पाहिलें. न्यूयॉर्कहून नेव्हिल शेड, विली वर्स्ली आणि विली केगर हे तिघे आले. गॅरी या पोलादाच्या कारखान्यांच्या गांवाहून हॅरी फ्लोर्नोय आणि ऑर्स्टन आर्टिस. ह्यूस्टनहून डेव्हिड लॅटिन. आणि डिट्रॉइटकडून बॉबी जो हिल. हे सात कृष्णवर्णी. संघांत एकंदर बारा जण होते. उरलेल्या पांचांत चार गोरे आणि एक मेक्सिकन वंशाचा. हिल उंचीनें पांच फूट दहा इंच, म्हणजे या खेळांत ठेंगणाच, पण चेंडू आपटीत नेणाऱ्याच्या हातून तो अलगद काढून घेण्यांत त्याचा हात धरणारा नव्हता. वर्स्ली तर साडेपांच फुटांचा. लॅटिन मात्र साडेसहा फूट उंच आणि मल्लासारखा धिप्पाड. कृष्णवर्णी मुलांनाच खेळवावयाचें असा हॅस्किन्सचा कांहीं क्रांतिकारक संकल्प होता काय? पुढें जन्मभर त्यांना हा प्रश्न विचारला गेला आणि त्यांचें उत्तर एकच राहिलें: जे उत्तम खेळत त्यांना खेळविलें. हें उत्तर ऐकून कित्येकांची निराशा होई. वास्तविक तें उत्तर कोणत्याहि क्रांतीच्या भाषणाइतकें वजनदार आहे.

१९६५-६६ चा हंगाम सुरू झाला तेव्हां या संघाचें नांव कोणाच्या तोंडीं नव्हतें. एकामागून एक तेवीस सामने त्यांनीं जिंकले. मग ५ मार्चला सिअ‍ॅटलच्या संघानें त्यांना ७४-७२ असें अवघ्या दोन गुणांनीं हरविलें. योग असा, कीं त्याच दिवशीं तिकडे केंटकीचाहि अभंग विजयरथ टेनेसीनें अडविला. आतां राष्ट्रीय स्पर्धा. तींत त्या वर्षीं बावीस संघ होते, आणि नियम सोपा व निर्दय: एकदां हरला कीं घरीं.

पहिल्या फेरींत ओक्लाहोमा सिटीशीं ८९-७४. तो सोपा गेला. दुसऱ्या सामन्यांत सिनसिनाटीविरुद्ध मात्र प्राण कंठाशीं आले. शेडनें रागाच्या भरांत प्रतिपक्षाच्या गड्यावर हात उगारला आणि पंचांनीं त्याला बाहेर घालविलें. ठरलेल्या वेळेंत बरोबरी. जादा वेळेंत ७८-७६ असा निसटता विजय. पुढचा सामना कान्सासशीं. पुन्हा बरोबरी, पुन्हा जादा वेळ, आणि त्या जादा वेळेच्या अगदीं अखेरच्या क्षणीं कान्सासच्या जो जो व्हाइटनें दुरून मारलेला चेंडू सरळ कडींत पडला. कान्सासचे लोक नाचूं लागले. इतक्यांत पंचांचा हात मैदानाच्या रेषेकडे गेला: चेंडू मारतांना व्हाइटचा पाय रेषेवर पडला होता. गुण रद्द. दुसऱ्या जादा वेळेंत टेक्सास वेस्टर्न ८१-८० असें एका गुणानें जिंकलें. दैव म्हणा, कीं त्या पंचाची तीक्ष्ण नजर म्हणा. तो पाय बोटभर अलीकडे असता तर हें भाषण कोणी दिलें नसतें.

उपांत्य सामन्यांत यूटाच्या जेरी चेंबर्सनें एकट्यानें ३८ गुण केले. त्याला आवरणें एकाहि गड्यास जमेना. तेव्हां हॅस्किन्सनीं जेरी आर्मस्ट्राँग या गोऱ्या खेळाडूस मैदानांत धाडलें आणि त्यानें चेंबर्सला बराचसा जखडून ठेवला. टेक्सास वेस्टर्न ८५-७८ नें विजयी. ही हकीकत लोक सांगतांना गाळतात. ती गाळूं नये. दुसऱ्या रात्रीं जे घडलें तें गोऱ्यांना वगळण्याच्या हट्टानें घडलेलें नव्हतें, हें आर्मस्ट्राँगच्या त्या थोड्या मिनिटांवरून दिसतें.

समोर आतां केंटकी. या विद्यापीठानें तोंवर चार वेळां हें अजिंक्यपद जिंकलें होतें आणि अडॉल्फ रप हे त्यांचे प्रशिक्षक १९३० सालापासून त्या गादीवर होते. देशांत पहिल्या क्रमांकाचा तो संघ. त्यांच्यांत फार उंच असा कोणी नव्हता, पण चपळाई व अचूक नेम यांच्या जोरावर त्यांनीं सर्वांना मागें टाकलें होतें. लुई डॅम्पियर आणि पॅट राइली हे त्यांचे बिनीचे गडी. संघ सगळा गोरा. केंटकी ज्या गटांत खेळे, त्या आग्नेयेकडील विद्यापीठांच्या गटांत तोंवर बास्केटबॉलच्या कोणत्याहि मुख्य संघांत एकहि कृष्णवर्णी खेळाडू नव्हता. रप यांच्या स्वतःच्या मनांत वर्णद्वेष कितपत होता, यावर आजहि वाद चालतो. एवढें मात्र खरें, कीं छत्तीस वर्षांत त्यांच्या मुख्य संघांत एकहि कृष्णवर्णी मुलगा उतरला नव्हता.

हॅस्किन्सनीं त्या रात्रीं एक डाव टाकला. केंटकीच्या चपळाईला उंचीनें नव्हे, चपळाईनेंच उत्तर द्यावें, म्हणून त्यांनीं उंच शेडला बसविलें आणि ठेंगण्या वर्स्लीला पहिल्या पांचांत घेतलें. हिल, आर्टिस, वर्स्ली, लॅटिन आणि फ्लोर्नोय. पांचहि कृष्णवर्णी. अंतिम सामन्याच्या आरंभाला एकाच संघांतून पांच कृष्णवर्णी मैदानांत उतरण्याची ही पहिलीच वेळ. चौदा हजारांवर प्रेक्षक होते. त्यांत आणि पंचांत बहुतेक सारे गोरे.

आरंभींच लॅटिननें उडी घेऊन, आड आलेल्या राइलीच्या डोक्यावरून, दोन्ही हातांनीं चेंडू कडींत कोंबला. हा जणूं शंखध्वनि होता. पण सामना जिंकला तो अशा पराक्रमांनीं नव्हे. पूर्वार्धांत हिलनें एकापाठोपाठ एक अशा दोन वेळां केंटकीच्या गड्याच्या हातांखालून चेंडू पळविला आणि दोन्ही वेळां एकट्यानें पलीकडे नेऊन कडींत टाकला. पहिल्यानें डोळे विस्फारले, दुसऱ्यानें केंटकीचा हात कचरला. त्यानंतर त्यांचा चेंडू नेणारा प्रत्येक गडी मागें वळून पाहूं लागला. फ्लोर्नोयचा गुडघा पहिल्या कांहीं मिनिटांतच दुखावला. त्याच्या जागीं शेड व केगर आळीपाळीनें आले. अर्ध्या वेळेस ३४-३१. तीन गुणांची आघाडी म्हणजे कांहींच नव्हे. उत्तरार्धांत केंटकी कित्येकदां अगदीं जवळ येऊन ठेपली, पण पुढें गेली नाहीं. शेवटचे आंकडे ७२-६५.

आतां ती मोकळी फेंक. केंटकीनें चालू खेळांत २७ वेळां चेंडू कडींत टाकला. टेक्सास वेस्टर्ननें २२ वेळां. केवळ एवढ्यावर निकाल लागता तर केंटकी दहा गुणांनीं जिंकती. पण केंटकीला मोकळ्या फेंकींचे गुण मिळाले ११ आणि टेक्सास वेस्टर्नला मिळाले २८, तेहि ३४ फेंकींत. मोकळी फेंक ही उडीची, वेगाची, ताकदीची गोष्ट नाहीं. सारें सभागृह ओरडत असतां एकट्यानें रेषेवर उभें राहावयाचें, श्वास आवरावयाचा, आणि हजारों वेळां केलेली कृति तशीच पुन्हा करावयाची. कठीण प्रसंगीं ज्यांचें डोकें ठिकाणावर राहत नाहीं असें म्हणत, त्यांनीं अजिंक्यपद जिंकलें तें या रेषेवर. आणि चालू खेळांत म्हणाल तर त्यांनीं सावकाश, चेंडू फिरवीत, बचावाला चिकटून खेळ केला. धांवाधांव करणारा संघ त्या रात्रीं केंटकीचाच होता. सातांनीं मिळून ते ७२ गुण केले: हिलचे वीस, लॅटिनचे सोळा, आर्टिसचे पंधरा, केगर व वर्स्ली यांचे आठ-आठ, शेडचे तीन, फ्लोर्नोयचे दोन.

विजेत्यांनीं कडीचें जाळें कापून नेण्याचा तिकडे रिवाज आहे. त्या रात्रीं शिडी कोणी आणून दिली नाहीं. शेडनें वर्स्लीला उचलून धरलें आणि वर्स्लीनें जाळें कापलें.

नवल असें, कीं त्या दिवसांतील वृत्तांत चाळले तर बहुतेकांत वर्णाचा उल्लेखहि सांपडत नाहीं. तो उल्लेख होता टपालांत. कॉलेजाकडे द्वेषानें भरलेलीं पत्रें येऊन पडलीं. कांहींत जिवे मारण्याच्या धमक्या होत्या. गांवानें मात्र विमानतळावर हजारोंच्या संख्येनें येऊन संघाचें स्वागत केलें. दोन वर्षांनीं उलट दिशेनें दगड आले. १९६८ सालीं एका प्रमुख क्रीडासाप्ताहिकानें कृष्णवर्णी खेळाडूंच्या स्थितीवर लेखमाला लिहिली. तींत या कॉलेजावर ठपका होता, कीं मुलांना खेळापुरतें वापरून घेतलें, त्यांच्या शिक्षणाची व प्रतिष्ठेची पर्वा केली नाहीं. १९७६ मध्यें जेम्स मिशनर या सुप्रसिद्ध कादंबरीकारानेंहि आपल्या पुस्तकांत तोच सूर लावला. त्या आरोपांत तथ्य मुळींच नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. वसतिगृहांत आणि गांवांत कृष्णवर्णी विद्यार्थ्यांना जे अनुभव येत, ते सगळेच गोड नव्हते. तथापि मिशनरनें या सातांचें जें चित्र रंगविलें, कीं हीं रस्त्यावरून गोळा केलेलीं अडाणी मुलें, तें त्यांना स्वतःला अतिशय झोंबलें, आणि तें योग्यच होतें. द्वेष्ट्यानें डोकें नाकारलें होतें. या कैवाऱ्यानेंहि निराळ्या वाटेनें तेंच केलें. आर्टिस पुढें गॅरीच्या पोलिसखात्यांत गुप्त शोधाचें काम करी. हिल एल पासोच्या एका वायु-कंपनींत चांगल्या हुद्द्यावर चढला. वर्स्ली आणि केगर मुलांना शिकवूं लागले.

दक्षिणेंतील दारें हळूहळू उघडलीं. १९६७ च्या हंगामांत व्हँडरबिल्ट विद्यापीठानें पेरी वॉलेस याला मैदानांत उतरविलें. आग्नेय गटांतील बास्केटबॉलच्या मुख्य संघांत खेळणारा तो पहिला कृष्णवर्णी खेळाडू. त्याला परक्या मैदानांवर काय काय ऐकून घ्यावें लागलें, तो स्वतंत्र विषय आहे. खुद्द रप यांनीं १९६९ सालीं टॉम पेन या कृष्णवर्णी मुलास केंटकींत आणलें. हें सर्व एका सामन्यामुळें झालें असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. कायदे बदलत होते, सत्याग्रह चालले होते, रक्त सांडत होतें. पण यांनीं संघ उधळतो, हें वाक्य १९६६ नंतर कोणा प्रशिक्षकानें उच्चारलें तर ऐकणारा ७२-६५ हे आंकडे पुढें करूं शकत होता. पराभूत संघांतील पॅट राइली पुढें लॉस एंजल्सच्या व्यावसायिक संघाचा नामांकित प्रशिक्षक झाला, आणि त्याचे सर्वांत मोठे विजय कृष्णवर्णी खेळाडूंच्या सोबतीनें मिळविलेले आहेत.

२००६ सालीं या हंगामावर एक चित्रपट निघाला. त्यांत सोयीसाठीं पुष्कळ फेरफार केलेले आहेत. उदाहरणार्थ, हॅस्किन्स आल्याबरोबर पहिल्याच वर्षीं अजिंक्यपद मिळालें असें त्यांत दाखविलें आहे. प्रत्यक्षांत मध्यें पांच वर्षांची मेहनत होती, आणि ती गाळली म्हणजे गोष्टींतील कष्टच गाळल्यासारखें होतें. पुढल्याच वर्षीं, २००७ मध्यें, नेस्मिथच्या नांवानें स्प्रिंगफील्ड येथें जें बास्केटबॉलचें सन्मान-मंदिर आहे, त्यांत हा सबंध संघ, गोऱ्या व कृष्णवर्णी अशा बाराहि जणांसह, दाखल करण्यांत आला. बॉबी जो हिल तें पाहावयास नव्हता; तो २००२ सालीं वारला होता. हॅस्किन्स होते. ते एल पासो सोडून कधीं गेले नाहींत. १९९९ पर्यंत, अडतीस वर्षें, त्यांनीं तेथेंच मुलें तयार केलीं, आणि २००८ च्या सप्टेंबरांत तेथेंच त्यांचा अंत झाला. कॉलेजाचें जुनें नांव १९६७ सालींच बदललें होतें. आतां तें एल पासो येथील टेक्सास विद्यापीठ म्हणून ओळखलें जातें. भूतानी वळचणींच्या इमारती अजून तशाच उभ्या आहेत, आणि टेक्सास वेस्टर्न हें नांव त्या वर्षीच्या विजेत्यांच्या पाटीवर.